उच्च शिक्षणासाठी कर्ज : सही करण्यापूर्वी

बारावीचा निकाल जवळ आला, की शाळेत चौकशीला येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : प्रवेश मिळेल हो, पण पैशाचे काय? म्हणून या अंकात आम्ही शैक्षणिक कर्ज आणि आर्थिक साहाय्याची थोडी माहिती देत आहोत.

कर्ज काढून शिकणे कमीपणाचे मानणारी घरे आपल्यात अजून आहेत. त्यांनी आपल्याच प्रांतात, महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे १९२० मध्ये लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले.

आता बँकेचे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. त्यापुढे घर, मुदत ठेव असे काही मागतात. आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि हा शब्द पालकांनी नीट समजून घ्यावा. कर्ज मुलाच्या नावावर असले तरी हप्ते थकले तर बँक पालकांनाही विचारते आणि दोघांचीही पत बिघडते. मुलगी इंजिनिअर होईपर्यंत वडील निवृत्त होणार असतील, तर हा हिशेब आधीच घरात मोकळेपणाने व्हायला हवा.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. तोवर काहीच द्यायचे नाही, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे, कारण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. समजा, चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षी दीड लाख, असे सहा लाख दहा टक्क्यांनी घेतले. सरळ व्याजाने पाच वर्षांत २,१०,००० रुपये होतात आणि ते मुद्दलात मिळून कर्ज ८,१०,००० रुपयांचे बनते. दहा वर्षांच्या परतफेडीत महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये. तेच व्याज शिकत असताना भरत गेले (पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये, चौथ्या वर्षी ५,०००), तर हप्ता सुमारे ७,९०० रुपयांवर येतो. ज्यांना झेपेल त्यांनी हे जरूर करावे. अशा वेळी काही बँका व्याजदरातही सवलत देतात, ती मागून घ्यावी.

पण कर्जाआधी साहाय्य पाहावे. मॅनिटसारख्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाखाली असेल तर शिक्षणशुल्क पूर्ण माफ होते, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश. राज्याची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळात ८५ टक्के मिळवणाऱ्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क सरकार भरते. अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरेसाठी प्रवेश परीक्षेच्याही अटी आहेत. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीतील संस्थांत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांच्या कर्जापर्यंत तीन टक्के व्याजाची सूट आहे. मात्र सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही सूट नाही. दोन्ही पदरात पडतील असे धरून चालू नये.

या सर्वांना उत्पन्नाचा दाखला लागतो, इथल्या भाषेत आय प्रमाणपत्र. लोकसेवा केंद्रात त्यासाठी जून-जुलैत गर्दी उसळते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करावा. बँकेच्या शाखेने तोंडी नकार दिला तर तेवढ्यावर परत फिरू नये. आदर्श योजनेनुसार अर्ज नाकारायला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. लेखी उत्तर मागावे.

आणखी एक अडचण खास आपल्या लोकांची. मराठी पद्धतीने मुलाच्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते. आधारवर ते असते, गुणपत्रिकेवर नसते, किंवा उलट. अशी तफावत असली की अर्ज अडकतो. ही दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरतानाच करून घ्यावी.