शेंडा छाटला, मूळ राहिलें

वेल वरून छाटली, तरी मुळाशीं ओल असेपर्यंत तिला पुन्हा फुटवे येतात. सोमालियांतील 'अल्-शबाब' या जिहादी बंडखोर संघटनेचा इतिहास असाच आहे.

१९९१ सालीं त्या देशांतील मध्यवर्ती सत्ता कोसळली. पुढें राजधानी मोगादिशूंत न्यायनिवाडा करूं लागलेल्या इस्लामी न्यायसभांच्या आश्रयानें तरुणांचा हा गट वाढला. 'शबाब' या शब्दाचा अर्थच 'तरुण'. २००६ च्या डिसेंबरांत इथिओपियाच्या सैन्यानें न्यायसभांचा पाडाव केला, तेव्हां परकीयांशीं झुंजणारा म्हणून या गटाचें वजन वाढलें.

२००८ च्या मे महिन्यांत त्याचा सेनानी आदन हाशी आयरो अमेरिकन हल्ल्यांत मारला गेला. २०११ मध्यें मोगादिशू व २०१२ मध्यें किसमायो बंदर हातचें गेलें. १ सप्टेंबर २०१४ रोजीं प्रमुख अहमद अब्दी गोदाने हाही अमेरिकन हवाई हल्ल्यांत ठार झाला. तथापि आठवड्याच्या आंतच अहमद दिरिये याची त्याच्या जागीं नेमणूक झाली. आणि एप्रिल २०१५ मध्यें केनियांतील गॅरिसा येथील विद्यापीठांत या संघटनेनें १४८ जणांचे प्राण घेतले.

या चिवटपणाचें मर्म कोणा एका पुरुषांत नाहीं, व्यवस्थेंत आहे. संघटनेस सल्लागार मंडळ आहे, स्वतंत्र हेरखातें आहे. नाक्यानाक्यावर मालाच्या गाड्यांकडून पट्टी घेतली जाते. पीक, गुरेंढोरें, व्यापार यांवरही कर बसतो, आणि दिल्याची पावती मिळते. जमिनीचा तंटा असला, तर सरकारी मुलुखांतील माणसेंही कधीं कधीं तिच्या न्यायालयाची वाट धरतात; कारण तेथें निकाल लवकर लागतो व त्याची अंमलबजावणी होते.

मात्र ही व्यवस्था म्हणजे लोककल्याण नव्हे. २०११ च्या दुष्काळांत याच संघटनेनें अनेक परदेशी मदतसंस्थांस आपल्या मुलुखांत मज्जाव केला. त्या आपत्तींत सुमारें २ लाख ६० हजार माणसें दगावलीं. त्यांत निम्म्याहून अधिक पांच वर्षांखालील बालकें होतीं.

२०२२ मध्यें हिरान प्रांतांतील ग्रामस्थ या जाचास विटून शस्त्रें घेऊन उठले. सरकारी सैन्यानें त्यांस साथ दिली व बराच मुलूख मोकळा झाला. पण मुक्त गांवांत टिकाऊ कारभार उभा राहिला नाहीं, आणि २०२५ मध्यें आदन याबाल हें गांव संघटनेनें पुन्हा घेतलें. गांवकऱ्यास न्याय देणारा व त्याच्या पिकाचें रक्षण करणारा दुसरा कोणी भेटेल, तेव्हांच मुळाशींची ओल आटेल.