रक्ताच्या थेंबात न दिसणारे दुखणे

म्यानमारच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात कारेन ही आदिवासी जमात राहते. तिच्यात ख्रिस्ती कुटुंबे बरीच असल्याने हे नाव आपल्यापैकी काहींच्या कानावर असेल. लढाईमुळे घरदार सोडलेले हजारो कारेन १९८४ पासून थायलंडच्या हद्दीतील छावण्यांत राहत आले आहेत. ‘मे ला’ ही त्यांतली सर्वांत मोठी छावणी.

सुरुवातीच्या काळात या छावण्यांत शंभरातील सुमारे एक गर्भवती हिवतापाने दगावत असे. १९८६ मध्ये तिथे शोक्लो मलेरिया संशोधन केंद्र सुरू झाले आणि ताप येण्याची वाट न पाहता प्रत्येक गर्भवतीचे रक्त दर आठवड्याला तपासले जाऊ लागले. रोग लवकर सापडू लागला, वेळेवर औषध मिळू लागले आणि पुढे हे मृत्यू जवळजवळ थांबले.

मनाच्या दुखण्यालाही हाच नियम लागू पडतो. ते आधी शोधावे लागते. अडचण एवढीच, की ते रक्ताच्या थेंबात दिसत नाही. त्यासाठी विचारावे लागते.

छावणीतील गर्भवतीच्या मनावर ओझी अनेक असतात. मागे राहिलेले गाव, पळताना पाहिलेली हिंसा, घटत जाणारा शिधा, नवऱ्याचे दारूचे व्यसन, उद्याची अनिश्चितता. पण “मला मानसिक त्रास आहे” असे ती म्हणत नाही. तसे म्हटले तर लोक वेडी ठरवतील ही भीती असते. ती म्हणते, अंग दुखते, झोप लागत नाही. त्यामुळे दुखणे झाकलेलेच राहते. सीमेवरील छावणीत गर्भवती स्त्रीने जीव दिल्याची घटना वैद्यकीय नियतकालिकातही नोंदली गेली आहे.

म्हणून तिथे निर्वासितांसाठी तयार केलेली पंधरा प्रश्नांची एक यादी कारेन आणि बर्मी गर्भवतींवर पारखून पाहण्यात आली. ही यादी मूळची अमेरिकेतील सिॲटलची. तिची सुरुवात मनापासून होत नाही, अंगदुखीपासून होते. मग प्रश्न येतात: उदास वाटते का? डोक्यात फार विचार येतात का? एकाएकी भीती वाटते का? पटकन रडू येते का? जिला वाचता येत नाही तिला प्रश्न वाचून दाखवता येतात.

मात्र प्रश्न हातात असले म्हणजे काम झाले असे नाही. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, भाषा. कारेन लोकांतही स्गॉ आणि प्वो अशा वेगवेगळ्या बोली आहेत. प्रश्न तिच्या बोलीत हवा, पण दुभाषी म्हणून नवरा किंवा सासू नको. ज्यांच्यामुळे त्रास आहे त्यांच्यासमोर ती काय सांगणार?

दुसरी, एकांत. छावणीत झोपड्या एकमेकींना खेटून असतात. सांगितलेले बाहेर जाणार नाही, असा भरवसा आधी द्यावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पुढची मदत. यादीत गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असे नव्हे. प्रशिक्षित व्यक्तीने तिच्याशी सावकाश बोलून खात्री करावी लागते. मग समुपदेशन, गरज असेल तर औषध आणि घरी पुन्हा भेट. जीव द्यावासा वाटतो असे तिने सांगितले, तर त्याच दिवशी कोणीतरी तिच्यासोबत हवे. ही सोय नसताना विचारणे म्हणजे जखम उघडी करून निघून जाणे.

गर्भवतींसाठी आपण देणगी देतो तेव्हा डोळ्यांसमोर लोहाच्या गोळ्या, पोषक आहार आणि बाळंतपणाची खोली असते. ते सारे हवेच. पण तिची बोली जाणणारी दुभाषी आणि दुसऱ्यांदा तिच्या दारी जाणारी कार्यकर्ती यांचा खर्च फोटोत दिसत नाही. आपण साहाय्य करतो त्या कामाच्या अहवालात हा खर्च दिसला, तर तो वरखर्च समजू नये. हिवतापात जे काम औषधाने केले, तेच इथे ही माणसे करतात.