निगेटिव्ह फेकू नका

कृष्णधवल फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या कणांनी बनते, तर डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांची नोंद. म्हणूनच वसईतल्या गिरीज गावातल्या घरात जुन्या लग्नाची निगेटिव्ह असेल, तर स्कॅन झाल्यावरही ती जपायला हवी. ती उजेडासमोर धरली की चित्र दिसते. फाइलला मात्र चालू यंत्र लागते. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा चित्र कॅसेटवर नोंदवत असे. ती वाचण्याची सोय आज कुठल्या घरात आहे? शिवाय उद्याचा चांगला स्कॅनर त्याच निगेटिव्हमधून अधिक तपशील काढू शकेल.

यावरचा आक्षेप रास्त आहे. वसईच्या दमट हवेत जिलेटिनवर बुरशी चढते, रंगीत फिल्म विटते. फाइलची प्रत मात्र कितीही वेळा काढली तरी तंतोतंत राहते. पण निगेटिव्ह सहसा हळूहळू बिघडते आणि सावरायला वेळ देते. हार्ड डिस्क एका क्षणात बंद पडू शकते. म्हणून दोन्ही जपावे: निगेटिव्ह आम्लविरहित कागदी पाकिटात, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात, स्कॅनच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी.