दोन वह्यांचा मेळ

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठवीच्या मुलांची सहल हिवरे बाजारला नेली होती. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या या गावाची ओळख शिक्षकांना नव्यानं करून द्यायला नको. पर्जन्यछायेतला भाग, पाऊस वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ पासून गाव आदर्श गाव योजनेत आलं आणि पुढं समतल चर, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी अशा मार्गानं गावानं आपलं पाणी परत मिळवलं. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मुलांना सगळ्यात आवडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, हाताशी किती पाणी आहे ते पाहायचं आणि मग ग्रामसभेत पिकं ठरवायची. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा. मुलांनी तिथंच झाडाखाली बसून गणित केलं. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर. म्हणजे सगळ्या शिवारावर नुसता एक मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळजवळ एक कोटी लिटर पाणी! एका मुलानं विचारलं, “पण आज विहिरीत पाणी किती खोल आहे हे कळून काय कळतं?” प्रश्न बरोबर होता. एका आकड्यावरून पाणी चढलं की उतरलं ते सांगता येत नाही. त्यासाठी मागच्या वेळचा आकडा शेजारी असावा लागतो. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे.

दुपारी एका मुलीला सणकून ताप भरला. पालकांना विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही, असा आमचा नियम. आमच्या फोनमधला तिच्या आईचा नंबर लावला, तर भलत्याच गृहस्थांनी उचलला. आईनं दिवाळीनंतर नंबर बदलला होता, शाळेत येऊन कळवलाही होता आणि कार्यालयातल्या संगणकात तो नीट बदललेलाही होता. आमच्या फोनमध्ये मात्र जुनाच राहिला होता. शाळेत कोणी भेटून नवा नंबर मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आईशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की तापाची एक नेहमीची गोळी या मुलीला चालत नाही, अंगावर गांधी उठतात. नेमकी तीच गोळी आमच्या पेटीत होती.

परत आल्यावर शिक्षकखोलीत सल्ला मिळाला, “सगळं क्लाउडवर टाका, म्हणजे आपोआप जुळेल.” सल्ला खोटा नाही. पण क्लाउड म्हणजे ढग असला, तरी तिथं आभाळ वगैरे काही नसतं. तो कुठल्यातरी कंपनीचा संगणक असतो. आपला संगणक आणि आपला फोन यांच्यात चार हातांचं अंतर, आणि निरोप मात्र दुसऱ्या खंडातून फिरून यायचा! शिवाय यादी कोणाची? शेदीडशे मुलांच्या आईवडिलांची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत जास्तीची काळजी सांगितली आहे. हिवरे बाजारला तरी ढग आल्याशिवाय चालत नाही. आम्हाला वाटलं, आपल्याला ढगाची खरंच गरज आहे का, ते आधी पाहू या.

त्यासाठी मुळात अडचण कुठं आहे ते समजायला हवं. हा प्रयोग वर्गात करून पाहा. दोन मुलांना पुढं बोलवा. एक संगणक, दुसरा फोन. दोघांच्या वहीत तीच पाच नावं आणि तेच नंबर लिहायला सांगा (नंबर खरे नकोत, तीन आकडी चालतील). आता ‘संगणका’ला वर्गाबाहेर पाठवा. दोघांनी आपापल्या वहीत गुपचूप दोन बदल करायचे: एखादं नाव वाढवायचं, एखादं काढायचं, एखादा नंबर बदलायचा. मग यादी नव्या पानावर स्वच्छ उतरवायची, म्हणजे खाडाखोड दिसणार नाही. नंतर दोघांना शेजारी बसवा आणि दोन्ही वह्यांची मिळून एक यादी करायला सांगा. अट एकच: आपण काय बदललं ते बोलायचं नाही.

गाडी लगेच अडते. समजा, फोनच्या वहीत काशिनाथ आहे, संगणकाच्या वहीत नाही. मग काशिनाथ फोननं नवा घातला, की संगणकानं काढून टाकला? दोन्ही वह्या कितीही वेळ निरखल्या तरी याचं उत्तर त्यांत नाही. मुलं बहुधा म्हणतात, “राहू दे, असलेला बरा.” पण या नियमानं काढलेलं कोणतंच नाव कधी जाणार नाही. खोडलेला नंबर दर वेळी परत येतो, हा अनुभव फोन वापरणाऱ्या पुष्कळांना असेल. उलटा नियम केला, तर नव्यानं घातलेली नावं उडतील. नंबरांचंही तसंच. एकाकडे २१४, दुसऱ्याकडे २४१. यातला नवा कोणता?

आता दोघांची फारकत होण्यापूर्वीची यादी, म्हणजे मूळची पाच नावं, एका कागदावर लिहून मध्ये ठेवा. सगळं एकदम सुटतं. काशिनाथ या तिसऱ्या कागदावर असेल, तर तो संगणकानं काढला आहे. नसेल, तर फोननं घातला आहे. कागदावर नंबर २१४ असेल, तर ज्याच्याकडे २४१ आहे त्यानं बदल केला. हा कागद म्हणजे विहिरीचा मागच्या वेळचा आकडा. सिंक करणाऱ्या कोणत्याही चांगल्या प्रोग्रॅमला आपली मागची गाठ कशी पडली होती हे कुठंतरी लक्षात ठेवावंच लागतं. ते लक्षात ठेवायला क्लाउड लागत नाही, दोघांपैकी एकानं ठेवलं तरी भागतं.

एक पेच मात्र या कागदानंही सुटत नाही. दोघांनीही तोच नंबर बदलला आणि वेगवेगळा बदलला, तर काय? पुष्कळ प्रोग्रॅम ‘ज्याचा बदल नंतरचा, तो खरा’ असं ठरवून मोकळे होतात. हे ऐकायला ठीक वाटतं. पण नंतरचा कोणता, हे घड्याळावरून ठरतं. आणि शाळेतल्या संगणकाचं घड्याळ! आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, की संगणक दर सकाळी काही वर्षं मागं जाऊन जागा होतो. मग त्यावर आज केलेला बदल जुना ठरतो आणि फोनमधला खरोखर जुना नंबर जिंकतो. तेव्हा दोन्ही नोंदी राखून माणसाला विचारणारा प्रोग्रॅम आम्हाला अधिक शहाणा वाटतो, थोडा त्रासदायक असला तरी.

दुसरी गोष्ट ओळखीची. एकाच वर्गात दोन ‘पवार काका’ असतील, किंवा एकच बाई लग्नाआधीच्या आणि नंतरच्या आडनावानं दोनदा नोंदल्या असतील, तर कोणती नोंद कोणत्या नोंदीची जोडीदार, हे नावावरून ठरत नाही. शाळेत आपण हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. जनरल रजिस्टरमधला नंबर मुलाचं नाव दुरुस्त झालं, इयत्ता बदलली, तरी बदलत नाही. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरमधल्या नोंदींनाही असा नंबर असतो, त्याला यूआयडी म्हणतात. तो आपल्याला दिसत नाही. पण फाइल बनवून ती पुन्हा पुन्हा फोनमध्ये ओतली आणि फोननं हा नंबर पाहिलाच नाही, तर प्रत्येक काका दोनदा, मग चारदा दिसू लागतात.

तिसरी गोष्ट भाषेची. कॉन्टॅक्ट लिहिण्याची व्हीकार्ड ही पद्धत काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९९५-९६ मध्ये ठरवली, तर कॅलेंडरची आयकॅलेंडर ही १९९८ मध्ये प्रमाण झाली. दोन्हींत साध्या मजकुराच्या ओळी असतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडून मुलांना जरूर दाखवावी. मराठी नावं मात्र काही फोन अजून जुन्या, २.१ या आवृत्तीच्या रीतीनं लिहितात. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात आणि त्या रीतीत प्रत्येक बाइट ‘बरोबर’चं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे ‘आई’ या दोन अक्षरांसाठी अठरा चिन्हं! ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ही रीत माहीत नसेल, तर आईच्या जागी चिन्हांची रांगच उभी राहते.

कॅलेंडरमध्ये आणखी एक गंमत आहे. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पालकसभा’ ही नोंद बारा वेळा लिहिलेली नसते. तो एकच नियम असतो. एखाद्या महिन्याची सभा पुढं ढकलली, की त्या नियमाला अपवाद जोडला जातो, आणि फोनला अपवाद नीट कळला नाही, तर सभा दोन्ही दिवशी दिसते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा अशा नियमात सहज बसतात. गणेश चतुर्थी किंवा पाडवा बसत नाही, कारण तिथीची तारीख दर वर्षी सरकते. त्या सुट्ट्या आपण आपल्या हातानंच घालाव्यात.

या तीन गोष्टी हाती असल्या, तर क्लाउडशिवाय मेळ घालता येतो, आणि क्लाउड हा शब्द घरोघरी पोचण्याआधी लोक तो घालतच होते. १९९६ मध्ये निघालेला ‘पायलट’ हा खिशातला छोटा संगणक एका बैठकीवर ठेवून एक बटण दाबलं, की टेबलावरच्या संगणकाशी जुळत असे. बदललेल्या प्रत्येक नोंदीवर तो एक खूण करी आणि मेळ झाला की खुणा पुशी. तोच संगणक पुन्हा भेटला, तर फक्त खुणांच्या नोंदी पाहायच्या. वेगळा संगणक भेटला, तर खुणांवर विश्वास न ठेवता सगळी यादी ताडून पाहायची. केबलची ही रीत आजही गेलेली नाही. ॲपलनं २०१३ साली मॅकवरून कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर केबलनं जुळवण्याची सोय काढून टाकली होती. लोकांनी कुरकुर केली आणि मे २०१४ मध्ये ती परत द्यावी लागली.

आम्ही मात्र दुसरी वाट धरली. शाळेच्या संगणकावर रॅडिकेल नावाचा लहानसा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवला. तो यादीची मूळ प्रत सांभाळतो. त्याच संगणकावर थंडरबर्डमध्ये आणि आमच्या अँड्रॉइड फोनवर डॅव्हएक्स-फाइव्ह नावाच्या ॲपमध्ये त्याचा पत्ता आणि पासवर्ड घातला. आयफोनमध्ये ही सोय मुळातच असते. दोघांची बोली ठरलेली आहे: कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (२००७), कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह (२०११). फोन शाळेच्या वायफायच्या टप्प्यात आला की मेळ होतो. बाहेर इंटरनेट चालू असण्याची गरज नसते, कारण राउटर घरातल्या घरात निरोप पोचवतोच. इथं प्रत्येक नोंदीला एक खूण असते आणि नोंद बदलली की तीही बदलते. फोन बदल पाठवताना सांगतो, “मी पाहिली तेव्हा ही खूण होती; अजून तीच असेल तरच माझा बदल घे.” नसेल, तर संगणक नकार देतो. आपल्या प्रयोगातला तिसरा कागद तो हाच.

हे बसवायला आम्हाला दोन संध्याकाळ लागल्या. त्यातली एक फक्त एवढं कळण्यात गेली, की राउटर संगणकाला अधूनमधून नवा पत्ता देतो. तो कायमचा ठरवून द्यावा लागतो. संगणक बंद असेल, तर मेळ होत नाही. पासवर्ड हवाच, आणि हा प्रोग्रॅम शाळेबाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. प्रत राखण्याची जबाबदारीही आता आपली. डिस्क बिघडली तर कंपनीकडं दाद मागता येणार नाही, म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्हवर प्रत घेऊन ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवतो. मेळ घालणं आणि प्रत राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. चुकून सगळी यादी पुसली, तर मेळ घालणारा प्रोग्रॅम ती चूक प्रामाणिकपणे सगळीकडं पोचवतो!

या वर्षी सहलीच्या आधी मेळ घातला, तेव्हा एका मुलाच्या नोंदीवर दोन नंबर निघाले. एक कार्यालयानं बदललेला, दुसरा आम्ही फोनमध्ये बदललेला. आम्ही दोन्हींवर फोन केला. एक आईचा होता, दुसरा आजोबांचा. “आई ऊसतोडीला गेली, की मला लावा,” आजोबा म्हणाले. दोन्ही नंबर ठेवले आणि आजोबांच्या नंबरापुढं महिने लिहिले.