विक्रीकरातील वस्तुवर्गीकरण

विकलेली वस्तू करविषयक अनुसूचीतील कोणत्या नोंदीत मोडते, हे ठरविण्याच्या क्रियेस वस्तुवर्गीकरण म्हणतात. दर नोंदीवर अवलंबून असल्याने व्याख्येतील एका शब्दानेही ग्राहकावरील करभार बदलतो. अकोल्याच्या रामावतार बुधाईप्रसाद खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने विड्याची पाने ‘भाजीपाला’ ठरत नाहीत, असा निर्णय दिला. कारण कायद्याने व्याख्या न केलेला शब्द वनस्पतिशास्त्रातील नव्हे, तर व्यवहारातील अर्थाने घ्यावयाचा असतो. तांत्रिक उपकरणांस ही कसोटी अपुरी पडते. म्हणून महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ खाली माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तू उत्पादनशुल्काच्या शीर्षकांनुसार अधिसूचित झाल्या. २००५ मध्ये अंधेरीत विकलेले जाल-उपकरण त्या यादीत बसल्यास कर ४ टक्के, इतर कोणत्याही नोंदीत न बसल्यास साडेबारा टक्के असे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात दत्तांश पाठविणारी व त्यांचा मार्ग ठरविणारी यंत्रे शीर्षक ८५१७ मध्ये येतात. क्वांटम संगणकासही उलगडू नये असे सांकेतन करणाऱ्या ‘क्वांटम-सुरक्षित’ उपकरणाचा वर्ग त्या विशेषणावरून नव्हे, तर त्याच्या प्रमुख कार्यावरून ठरवावा लागतो.