हमालांची टोळी आणि खंडणीखोरांची टोळी

वर्धा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही बंदराचे नाव आता या जिल्ह्याशी जोडले गेले आहे. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील कोरड्या बंदराचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१७ मध्ये झाले. हा प्रकल्प जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने हाती घेण्यात आला. समुद्रकाठी होणारी मालाची तपासणी, साठवण व चढउतार देशाच्या अंतर्भागात करता यावी, हा कोरड्या बंदराचा हेतू होय. मात्र बंदराबरोबर बंदराचे जुने प्रश्नही येतात. जेथे माल चढतो-उतरतो तेथे हमाल येतो, हमालाबरोबर मुकादम येतो. आणि व्यवस्था सैल असली तर मुकादमाच्या आडून खंडणीखोरही येतो. मराठीत ‘टोळी’ हा एकच शब्द हमालांच्या गटालाही लावतात आणि गुंडांच्या गटालाही. या दोहोंतील सीमारेषा कशी पुसली जाते, हे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रोज सकाळची निवड

धक्क्यावरील कामाचा स्वभावच अनिश्चित. आज चार जहाजे लागतात, उद्या एकही नाही. जहाजाच्या मालकाला खोळंबा परवडत नाही, कारण थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च त्याच्या माथी पडतो. आणि मजुराला बिनकामाचा दिवस परवडत नाही, कारण त्या दिवशी चूल पेटत नाही. अशा स्थितीत आज कोणाला कामावर घ्यावयाचे हे ठरविणारा मनुष्य दोन्ही बाजूंनी पैसा घेऊ शकतो. मजुराकडून तो काम देण्याचा मोबदला घेतो आणि मालकाकडून काम बंद न पाडण्याचा. संघटित गुन्हेगारीला याहून सुपीक जमीन क्वचितच मिळते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्क बंदराचे. तेथे मजूर रोज सकाळी अर्धवर्तुळ करून उभे राहत आणि मुकादम त्यांतून माणसे निवडी. मजुरीतील वाटा देण्याची तयारी दर्शविण्यासाठी काही मजूर कानामागे काडी खोचून येत, असे त्या काळच्या वृत्तान्तांत नमूद आहे. गोदी कामगारांच्या संघटनेच्या अनेक शाखा गुंडांच्या हाती गेल्या होत्या. माल्कम जॉन्सन या पत्रकाराने १९४८ साली ही स्थिती लेखमालेतून उघड केली. पुढे १९५३ साली अमेरिकेतील मध्यवर्ती कामगार महासंघाने या संघटनेला बाहेर काढले. त्याच वर्षी न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांनी संयुक्त आयोग नेमून सकाळची ती निवड बंद केली आणि नोंदणीकृत मजुरांनाच काम देण्याची पद्धत सुरू केली. न्यू जर्सीने अंग काढून घेतल्यावर २०२३ साली तो आयोग संपुष्टात आला. म्हणजे सत्तर वर्षे त्याची गरज भासली!

मुंबईची गोदी

मुंबईच्या गोदीत मुकादमाच्या जागी टोळीवाला होता. जहाजावरील मालाची चढउतार करून देणारे कंत्राटदार टोळीवाल्यामार्फत माणसे घेत. टोळीत कोणाला घ्यावयाचे, कोणाला घरी पाठवावयाचे, हे टोळीवाला ठरवी. स्वातंत्र्यानंतरच्या काळात पी. डिमेलो यांनी या मजुरांना संघटित केले. गोदीलगतचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो; पण त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ते नाव कोणाचे हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. १९४८ साली केंद्र शासनाने गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला. त्यानुसार मुंबईत शासन, मालक व कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे गोदी कामगार मंडळ आले. मजुरांची नोंदवही तयार झाली, काम पाळीपाळीने मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशी हजेरी भत्ता मिळू लागला. टोळी राहिली, टोळीवालाही राहिला, परंतु भाकरीची किल्ली त्याच्या हातून गेली.

मुंबईच्या गुन्हेगारीने गोदीत पाय रोवले नाहीत असे मात्र नव्हे. एके काळी याच गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापाराने धनाढ्य झाला व १९७४ साली स्थानबद्ध झाला. तरी न्यूयॉर्कप्रमाणे कामगारांची नेमणूकच गुंडांच्या ताब्यात गेली, असे येथे सरसकट घडले नाही. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या साध्यासुध्या नोंदवहीला द्यावे लागेल.

वेशीबाहेरचा माथाडी

गोदीच्या फाटकाबाहेर मात्र कायदा पोहोचला नव्हता. मसजिद बंदरचा धान्य व किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार येथे पोती व गाठी वाहणारा माथाडी कोणाचाच नोकर नव्हता. व्यापारी म्हणे, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणे, हा रोजंदारीवरचा. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माथाडींची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. देशात असा कायदा करण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला.

या कायद्याचे मर्म थोडक्यात असे. मालक व कामगार या दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करावयाची. कामाची मजुरी मालकाने मुकादमाच्या हाती न देता मंडळात भरावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्हीही भरावयाची. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस व औषधोपचार यांची तरतूद करते. ज्याला ‘आपला मालक कोण’ हे सांगता येत नव्हते, त्याच्या म्हातारपणाची सोय या कायद्याने केली.

परंतु ज्या नावाला मान मिळतो, त्या नावाची नक्कलही होते. औद्योगिक वसाहतींतून, विशेषतः चाकण परिसरातून, माथाडींच्या नावाने खंडणी मागितल्याच्या तक्रारी अनेकदा पुढे आल्या आहेत. पद्धत ठरलेली असते. माल यंत्राने उतरतो, हमालाचा हातही लागत नाही. तरी ‘आमच्या संघटनेची वाराई द्या’ म्हणून चार जण फाटकाशी उभे राहतात. पैसे न मिळाल्यास गाडी अडविली जाते, चालकाला दमदाटी होते. यांपैकी कित्येकांचे नाव कोणत्याही मंडळाच्या नोंदवहीत नसते. याला आळा घालण्याच्या हेतूने २०२३ साली कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले गेले, तेव्हा माथाडी संघटनांनी त्यास विरोध केला. खंडणीखोरांना शिक्षा जरूर करा, परंतु त्यांच्या निमित्ताने खऱ्या हमालाचे संरक्षण काढून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. खोट्या माथाडीने पहिला घाव घातला तो खऱ्या माथाडीच्याच पोटावर.

खंडणीसाठी वेगळा कायदा हुडकावा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणी व कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी यांसाठी शिक्षा आहे. सराईत टोळ्यांसाठी १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदाही आहे.

वर्धा जिल्ह्यात

हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव येथील बाजारांत कापसाच्या हंगामात हमाल व मापाड्यांना उसंत नसते, आणि हंगाम सरला की हात रिकामे. नागपूर व वर्धा या जिल्ह्यांसाठी माथाडी व असंरक्षित कामगार मंडळ आहे. जिनिंग, गोदाम किंवा मालधक्का चालविणाऱ्याने मंडळाकडे नोंदणी केली आहे काय, मजुरी मंडळामार्फत जाते की मुकादमाच्या हाती रोख दिली जाते, एवढी चौकशी पंचायत सदस्यही करू शकतो. गावातील हमालाजवळ मंडळाचे ओळखपत्र नसेल, तर नोंदणीचा अर्ज भरून देण्यास शाळेतील शिक्षकाचा हातभार पुरेसा होतो. वाराई मागणाऱ्याला विचारावयाचे प्रश्नही दोनच : तुमचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि पावती कोणत्या मंडळाची? खरा हमाल ही दोन्ही उत्तरे देतो. ज्याला ती देता येत नाहीत, त्याची तक्रार मंडळाकडे व पोलीस ठाण्यात लेखी द्यावी. सिंदीसारख्या ठिकाणी पहिल्या हंगामातच ही विचारपूस सुरू करणे सोपे जाते. टोळ्यांनी आपापली फाटके एकदा वाटून घेतली की तेच काम फार कठीण होते.