‘झिंगाट’ : एका गाण्याची गोष्ट

मुलांनो, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे आमचे गाव आहे. ऊसतोडीसाठी परमुलखात गेलेली माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आली, की येथे लग्नसराईला रंग चढतो. वरात पारापाशी येते, वाजंत्री क्षणभर थांबतात आणि मग एक परिचित ठेका सुरू होतो. तो ऐकताच आजोबांच्या कडेवरचे मूलही पाय हालवू लागते. हे गाणे म्हणजे ‘झिंगाट’. गाणी येतात आणि जातात; मग हेच गाणे एवढे का टिकले? त्याची कारणे आपण पाहू.

‘सैराट’ या मराठी चित्रपटातील हे गाणे होय. हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. संगीत अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे असून ‘झिंगाट’ हे गाणे त्यांनीच गाइले आहे. या बंधूंचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते. त्यामुळे त्यांचे बालपण लहान लहान गावांत गेले आणि तेथील भजन, बँड व लोकगीते त्यांच्या कानांवर पडली. ‘जोगवा’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे. ‘सैराट’च्या संगीतासाठी त्यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे वादन ध्वनिमुद्रित केले. परंतु ‘झिंगाट’ ऐकताना आठवते ती आपली वरातच!

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘झिंगणे’ म्हणजे धुंद होणे, देहभान विसरणे. त्यापासून झालेला ‘झिंगाट’ हा शब्द ‘सुसाट’, ‘भन्नाट’ यांच्या पंगतीत सहज बसतो. हे शब्द नुसते उच्चारले, तरी त्यांत वेग जाणवतो. गाण्यात हा शब्द एकदम येत नाही. त्याचा पहिला तुकडा पुन्हा पुन्हा येतो, ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते आणि अखेर शब्द पूर्ण होताच सारे एकसुराने ओरडतात. ठेका अखंड चालतो, ओळी आखूड आहेत आणि भाषा खेड्यातील पोरांच्या बोलण्यातली आहे. म्हणून ज्याने गाणे कधी शिकले नाही, तोही त्यात सामील होऊ शकतो.

पडद्यावरील दृश्यही असेच खेळकर आहे. रात्रीची वेळ आहे, दिव्यांचा झगमगाट आहे आणि परश्या व त्याचे मित्र मन मानेल तसे नाचत आहेत. आर्चीही नाचण्यात मागे राहत नाही. या भूमिका करणारे आकाश ठोसर आणि रिंकू राजगुरू यांचा हा पहिलाच चित्रपट होता. त्यांचे नाचणे पढविलेले वाटत नाही. ‘हे तर आपल्यालाही जमेल’ असे पाहणाऱ्यास वाटते. चित्रपटगृहांतही प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचू लागले, ते यामुळेच. पुढे २०१७ साली कन्नड आणि २०१८ साली हिंदी चित्रपटातून हीच चाल परप्रांतांत पोहोचली.

आता माझी एक चूक सांगतो. त्या काळी मी मुख्याध्यापक होतो. स्नेहसंमेलनात हे गाणे ठेवण्यास मी साफ नकार दिला. ‘हा धांगडधिंगा शाळेत नको,’ असे मी म्हणालो. तेव्हा सातवीतील एक मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, माझे वडील हलगी वाजवतात. हा ठेका आमच्या घरातलाच आहे. तोही वाईट का?’ मला उत्तर सुचेना. ज्या हलगीवाल्याच्या तालावर सारे गाव नाचते, त्याला पंगतीत मात्र कडेला बसविणारे दिवस मी पाहिले होते. मुलाचे बोलणे मनाला लागले. त्या वर्षी नाच झाला आणि हलगी वाजविण्यास त्याच्या वडिलांना सन्मानाने व्यासपीठावर बोलाविले.

मग मी तो चित्रपट पाहिला. एका कोळ्याचा मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्या प्रेमाला जातीचा अहंकार कसा गिळून टाकतो, याची ती कथा आहे. ‘झिंगाट’मध्ये बेभान होऊन नाचणाऱ्या त्या दोन जीवांचा शेवट अतिशय करुण आहे. त्या नाचात कोण कोणत्या घरचा, हे क्षणभर कोणी विचारीत नाही. नाच संपला, की मात्र ते विचारले जाते.

तेव्हा मुलांनो, या गाण्यावर खुशाल नाचा. आवाज इतकाच ठेवा, की शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणार नाही. आणि ठेका थांबल्यावर, ज्याचा हात धरून नाचलात, त्याचा हात सोडू नका.

स्वाध्याय
१. ‘झिंगाट’ हे गाणे सर्वांना सहज म्हणता येते, याची कोणती कारणे लेखकाने दिली आहेत?
२. मुलाच्या प्रश्नावर लेखकाला उत्तर का सुचले नाही?
३. ‘सुसाट’, ‘भन्नाट’ यांसारखे आणखी चार शब्द शोधून वाक्यांत योजा.